नॉलची पाठ

माझ्या भावाला, सीमला, स्वतःच्या बायकोच्या चेहऱ्यापेक्षा एका माणसाची पाठ जास्त नीट ठाऊक होती. हे मी नाही म्हणत, त्याची बायको ट्रुस म्हणते, आणि ते म्हणताना ती हसत नाही. ती पाठ नॉल फेरबाकेलची. काळ्या चामड्याच्या कोटातली, दारासारखी रुंद, डाव्या खांद्याखाली उसवून पुन्हा शिवलेली. सीमच्या शर्यतीच्या दिवसांतली बहुतेक वर्षं त्या पाठीकडे बघण्यात गेली.

मला लहानपणापासून नसत्या चौकशांची खोड. माझं नाव आली, आणि आई म्हणायची, "आली, तुझं नाक एक दिवस दाराच्या फटीत सापडणार." नाक अजून शाबूत आहे. पण एका प्रश्नाचं उत्तर मिळायला मला आणि सीमला अर्धं आयुष्य लागलं, आणि ते उत्तर तेवढा सगळा काळ माझ्याच टेबलावर, सूपच्या उष्ट्या वाडग्यांत पडलेलं होतं. या गोष्टीचा मला अजून राग येतो.

सीम घरांना रंग देणारा. एकोणीस-वीस वर्षांचा असताना तो रोज बांधावरच्या रस्त्याने सायकलीवर कामाला जायचा, हँडलला रंगाचा डबा अडकवून. आमच्याकडे समुद्रावरून येणारा वारा कधी पाठीवर मिळत नाही. जाताना तोंडावर असतो, येताना दिशा बदलून पुन्हा तोंडावर असतो. एकदा फुलकोबीने भरलेला एक ट्रक सीमच्या पुढे गेला आणि सीम सहज त्याच्या मागच्या फळीला चिकटला. तिथे वाराच नव्हता. पाय आपोआप फिरायला लागले. ट्रकवाल्याने आरशात पाहिलं की फळीमागे कोणीतरी आहे. दुसरा कोणी असता तर थांबून शिव्या घातल्या असत्या. याने वेग वाढवला. सीम चिकटलेलाच. त्याने आणखी वाढवला. भाजीच्या लिलावाच्या फाटकाशी ट्रक थांबला तेव्हा ट्रकवाला खाली उतरला आणि आधी डब्यात डोकावला.

"रंग सांडला नाही का रे?"

"थोडा सांडला."

"किती थोडा?"

सीमने पँट दाखवली. गुडघ्यावर एक हिरवा ठिपका होता.

"शनिवारी ट्रॅकवर ये," ट्रकवाला म्हणाला. "डबा घरी ठेव."

तो नॉल. आठवडाभर तो कोबी वाहायचा आणि शनिवार-रविवार म्होरक्या असायचा. हा खेळ ज्याने पाहिला नाही त्याला एवढंच सांगते, की सिमेंटच्या गोल, आत उतरत जाणाऱ्या ट्रॅकवर पुढे एक भलीमोठी मोटारसायकल असते, तिच्यावर म्होरक्या जवळजवळ उभा राहून, छाती आणि पाठ रुंद करून चालवतो. त्याच्या आडोशाला मागे सायकलवाला. मोटारसायकलीच्या मागे एक फिरता रूळ लावलेला असतो, आणि सायकलवाल्याचं पुढचं चाक त्या रुळापासून वीतभर अंतरावर राहिलं पाहिजे. जास्त मागे राहिला तर वारा भिंतीसारखा अंगावर येतो आणि शर्यत संपते. फार पुढे गेला तर चाक रुळाला लागतं. असे सहा-सात जोड एकाच वेळी सुटतात, आणि रेल्वेपेक्षा जोरात जातात. माझ्या आईने एकदाच पाहिलं आणि त्यानंतर ती शर्यतीच्या दिवशी चर्चमध्ये जाऊन बसायची.

दोघांमध्ये बोलायला दोनच शब्द. "चल" म्हणजे वाढव. "हळू" म्हणजे कमी कर. म्होरक्याच्या शिरस्त्राणाला कानांपाशी मागे तोंड केलेल्या चामड्याच्या वाट्या असतात, मागचं ऐकू यावं म्हणून. नॉल मागे वळून कधीच बघत नसे. "बघायचं कशाला," तो म्हणायचा, "पोराला तोंड दिलंय ना देवाने?" आणि त्याचा एक नियम होता. शेवटची रेघ ओलांडली तरी सीमने "हळू" म्हटल्याशिवाय तो वेग कमी करायचा नाही. "रेघ पंचांची," तो म्हणायचा. "मी तुझा."

ट्रॅकच्या फाटकापाशी माझा तंबू असायचा. कॉफी, पाव, आणि भाज्यांचं सूप, त्यात मांसाचे छोटे गोळे. शर्यतीआधी सगळे म्होरके माझ्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचे. जाडजूड, कमी बोलणारे, तेलाचा वास मारणारे. सायकलवाल्यांना त्या टेबलाशी जागा नसे. सूप पिताना काहीतरी पुटपुटायचे, मी जवळ गेले की हवापाण्यावर यायचे. मी काय दूधखुळी नव्हते. म्होरके आपापसांत ठरवतात, आज कोणाचा पोरगा पहिला, हे ट्रॅकवरची कुत्रीसुद्धा जाणून होती. सगळ्या शर्यती ठरवत असं नाही, पण कुठली ठरवली आणि कुठली नाही हे मात्र बाहेर कोणाला कळत नसे. सायकलवाल्यालाही सांगत नसत. त्यांच्यातला सगळ्यांत जुना, टून स्माल्स, एकदा मला म्हणाला होता, "घोड्याला निकाल आधी सांगितला तर तो पळेल का, आलीबाई?"

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटायची. या माणसांनी घरी कधी चमचासुद्धा उचलला नसेल. पण बऱ्याचदा, सूप संपलं की त्यांच्यातला एक जण उठायचा, सगळ्यांचे वाडगे एकात एक घालून माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. कधी हा, कधी तो. नॉलनेही कधीकधी आणले. मी एकदा टूनला विचारलं, "आज काय एवढा सोज्वळपणा?" तर म्हणाला, "गुडघे मोकळे करतोय." मी मनात म्हटलं, चला, यांच्याही आयांनी काहीतरी वळण लावलेलं दिसतंय.

आता तो रविवार. राष्ट्रीय अजिंक्यपदाची शर्यत, ऑगस्टमधली, तासाभराची. जो जिंकेल त्याला देशाच्या झेंड्याच्या रंगांची लाल-पांढरी-निळी जर्सी, वर्षभर अंगावर मिरवायला. सीम दोनदा दुसरा आला होता, आणि दुसऱ्याचं नाव आमच्याकडे त्याची आईच लक्षात ठेवते. पैज सगळ्यांची रीनुसवर होती, टूनच्या मागे पळणाऱ्या. मला त्या दिवसाची सुरुवात आठवते ती वेगळ्याच कारणाने. टून वाडगे घेऊन आला आणि त्याच्या हातून वरचा वाडगा निसटून फुटला. निळ्या काठाचा, आईच्या लग्नातल्या सेटमधला. सेट मोडला.

"शंभर किलोची मोटार चालवतोस आणि एक वाडगा सांभाळता येत नाही?" मी म्हटलं.

"मोटारीला हँडल असतं," टून म्हणाला. त्यानंतर तो जेव्हा जेव्हा भेटला तेव्हा तेव्हा मी त्याला तो वाडगा ऐकवला.

शर्यतीत टून आणि रीनुस पुढे, नॉल आणि सीम त्यांच्या मागे. अर्धा तास गेला, काही हललं नाही. मग सीमचा आवाज ऐकू यायला लागला. "चल." नॉल गेला नाही. पुढच्या फेरीला पुन्हा, "चल, नॉल, चल." नॉल आपला खांबासारखा उभा. फेरीमागून फेरी सीम ओरडत होता, नंतर शिव्या द्यायला लागला, आमच्या आईसमोर कधी दिल्या नसत्या अशा. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "म्हातारपणी बहिरा झाला वाटतं नॉल." आणि मग तो आवाज आला. सीमचं पुढचं चाक रुळाला लागलं. धारवाल्याच्या चाकावर सुरी धरल्यासारखा आवाज. एकदा, दोनदा, मग लांबलचक. आठ हजार माणसं एकदम उठून उभी राहिली. असं कोणी मुद्दाम करत नाही, कारण पुढची पायरी सरळ दवाखाना. आणि नॉलने मूठ पिळली. ट्रॅकच्या वरच्या कडेने, लाकडी कठड्याला जवळजवळ कोट घासत, ते दोघे टूनच्या पुढे गेले आणि पुढेच राहिले.

रेघ ओलांडल्यावर सीमला "हळू" म्हणायचं भान राहिलं नाही. रडत होता. नॉल नियमाप्रमाणे पूर्ण वेगात जातच राहिला. शेवटी सीमने म्हटलं तेव्हा कुठे मोटार मंदावली.

ती जर्सी ट्रुसने पहिल्याच आठवड्यात तीनदा धुतली, कारण मिरवायला तो पावसातसुद्धा ती घालून निघायचा. पण पुढच्या वर्षी काय झालं ते कोणाला समजेना. अजिंक्य सीम प्रत्येक ट्रॅकवर शेवटचा. नॉल पुढे जायला बाहेर सरकला की कोणीतरी म्होरक्या आणखी बाहेर सरकायचा. मागे राहिला की दोघे दोन्ही बाजूंनी असे जायचे की त्यांच्या वाऱ्याच्या झोताने सीमचं चाक रुळापासून सुटून मागे पडायचं. जर्मनीतून नॉलला दर हिवाळ्यात शर्यतींचं बोलावणं यायचं, ते बंद झालं. आणि माझ्या तंबूत नॉल वेगळ्या टेबलाशी बसायला लागला. विचारलं तर म्हणाला, "तिकडे वाऱ्याची तिरीप लागते."

त्याच वर्षी कुठल्याशा बारमध्ये एकजण सीमला म्हणाला, "जर्सी छान आहे हो. म्होरक्यांनी वाढदिवसाला दिली का?" सगळे हसले. तो काटा सीमच्या मनात रुतला तो रुतलाच. हिशेबही त्याला बरोबर वाटत होता. खरा अजिंक्य एका वर्षात असा भिकेला कसा लागेल? म्हणजे त्या रविवारी ठरवूनच दिलं असणार. नॉल इतका वेळ बहिरा का झाला होता? ठरलेली वेळ यायची होती म्हणून.

त्याने नॉलला विचारलं. माझ्याच तंबूत, मी भांडी घासत होते.

"नॉल, खरं सांगा. ती शर्यत माझी होती का?"

"तू चल म्हणालास, मी गेलो."

"आधी का नाही गेलात?"

नॉल सूप ढवळत राहिला.

"आणि यंदा काय झालंय?"

"वारा," नॉल म्हणाला.

हंगाम संपताना सीमने नॉलला सोडलं. नॉल म्हातारा झाला, त्याच्यात धार राहिली नाही, असं लोकही म्हणत होते आणि सीमलाही ते सोयीचं होतं. दोघांची शेवटची शर्यत इथेच झाली. रेघ ओलांडून सीम खाली उतारावर वळला, सायकल मदतनिसाच्या हातात दिली आणि कपडे बदलायला निघून गेला. "हळू" न म्हणता. नॉल मागे बघत नसे. तो एक फेरी गेला, दुसरी गेली, मागे कोणी नसलेली मोटार, रूळ मोकळाच फिरतोय. लोक हसायला लागले. शेवटी पंचाने झेंडा दाखवून त्याला थांबवलं. त्यानंतर नॉलने फक्त कोबी वाहिली.

सीम एका तरुण म्होरक्यामागे आणखी काही वर्षं पळाला. आश्चर्य म्हणजे आता त्याला कोणी अडवत नव्हतं. तिसरा आला, दुसरा आला, पैसे बरे मिळाले. अजिंक्यपद पुन्हा नाही. मग गुडघे गेले आणि तो पूर्णवेळ रंगकामाला लागला. गावातल्या निम्म्या खिडक्या त्याच्या हातच्या आहेत. जर्सी टेबलक्लॉथच्या खणात, सगळ्यांत खाली. ट्रुस दर वर्षी म्हणायची, "चौकट करून भिंतीवर लावू या." तो म्हणायचा, "ज्याची असेल त्याला आधी विचारायला पाहिजे." नॉलच्या घरावरून तो कामाला जात असे, पण थांबत नसे. नॉल बागेत असला तर हात वर करायचा. सीमही करायचा. बस्स.

मी सीमला कितीदा तरी म्हटलं, "जा ना, बस त्याच्याजवळ, पुन्हा विचार." तर म्हणायचा, "वारा म्हणेल." त्याला उत्तराची भीती वाटत होती हे मला दिसत होतं. मला तर उत्तर हवंच होतं, पण शर्यत माझी नव्हती.

यंदा मार्चमध्ये नॉल गेला. भरपूर वय होऊन, झोपेत. दफनानंतर चर्चच्या शेजारच्या खोलीत कॉफी आणि केक. ट्रॅक केव्हाच पाडलेला, तिथे आता घरं झाली आहेत, पण जुने म्होरके उरले होते ते सगळे आले होते, काठ्या घेऊन, कानात यंत्रं घालून. सीम सगळ्यांत मागच्या टेबलाशी बसला होता, ट्रुस आणि मी त्याच्या शेजारी.

कॉफी झाली आणि म्हातारा टून उठला. म्होरक्यांच्या टेबलावरचे कप गोळा करायला लागला. तेव्हा त्यांच्यातला एक बोळक्या तोंडाने म्हणाला, "काय टून, आज तुझा नंबर का?" सगळे म्हातारे फिसकन हसले, आणि एकदम सावरले, कशासाठी जमलोय ते आठवून.

माझं नाक तिथेच अडकलं. मी उठून गेले.

"नंबर कसला रे, टून?"

"काही नाही, आलीबाई. सवय."

"सवय कसली? घरी कप उचलतोस का? तुझ्या बायकोला विचारू?"

त्याने इकडे तिकडे पाहिलं. "आता काय," तो म्हणाला. "ट्रॅक नाही, कोणी पळत नाही. ज्याच्या पोराने जिंकायचं ठरलं, तो भांडी उचलायचा. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांना मान्य. हात मिळवले तर लोकांना दिसतं. भांड्यांकडे कोण बघतं?"

मी बघत होते. इतकी वर्षं मीच तर बघत होते. मी खुर्ची ओढून बसले.

"टून," मी म्हटलं, "माझ्या आईचा वाडगा तू कधी फोडलास?"

"झालं. आज तरी तो वाडगा सोड, बाई. मयताला आलोय."

"कधी ते सांग."

तो उत्तर द्यायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं. त्याने मागच्या टेबलाकडे पाहिलं. सीम उठून उभा होता. एवढ्या लांबून त्याला ऐकू आलं की आमचे चेहरे बघून कळलं, कोणास ठाऊक. तो आला आणि टूनसमोर उभा राहिला.

"त्या रविवारी तुमचा नंबर होता," सीम म्हणाला.

"होता," टून म्हणाला. "रीनुसचं शेवटचं वर्ष होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती. नॉलनेसुद्धा."

"मग?"

"मग तू रूळ खायला लागलास. आम्ही त्याला नंतर धरलं, कपडे बदलायच्या खोलीत. म्हटलं, शब्द दिला होतास. म्हणाला, दिला होता. पण पोराचं चाक माझ्या बुडाखाली घासत होतं. जिवावर उदार होऊन मागतोय, आणि मी बहिऱ्याचं सोंग किती वेळ घेऊ?"

ट्रुस त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनेच विचारलं, "आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी आम्ही त्याच्यावर दार लावलं," टून म्हणाला. "सगळ्यांनी मिळून. जर्मनीलाही कळवलं. सीमशी आमचं काही वैर नव्हतं हो, पण तो नॉलच्या मागे होता ना. नॉल एकदा आला होता माझ्याकडे. म्हणाला, पोराने मला सोडलं तर त्याला पळू द्याल? मी म्हटलं, देऊ. हंगाम संपला आणि याने सोडलं."

"मला सांगितलं का नाही त्यांनी?" सीम म्हणाला.

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस?"

ट्रुसचा चेहरा उजळला होता. बायकांना चौकट लावायची भिंत आधी दिसते. "म्हणजे जर्सी तुझीच रे," ती हळूच म्हणाली. "खरी तुझी." सीमने मान हलवली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्याला मिळालं होतं, आणि मी माझ्या भावाचा एवढा पडलेला चेहरा आईच्या मरणातही पाहिला नव्हता. मला टूनचा राग आला, नॉलचाही आला, त्या सगळ्या मुक्या जाड माणसांचा आला. एक वाक्य बोलायला काय गेलं असतं कोणाचं?

सीमने टोपी घेतली आणि बाहेर पडला. मी उरलेल्या केकचा डबा हातात घेऊन त्याच्या मागे गेले, डबा का घेतला ते माहीत नाही. थडग्यावर माती अजून ओली होती, फुलं वाऱ्याने एका बाजूला कलली होती. समुद्राकडून वारा नेहमीसारखा सुटला होता. सीम पायथ्याशी उभा राहिला. मग थोडा पुढे सरकला, आणखी थोडा, मातीच्या कडेला बूट टेकेपर्यंत.

"नॉल," तो म्हणाला. आणि मग, मोठ्याने, शर्यतीत ओरडायचा तसा, "हळू."

मी त्याच्या शेजारी उभी राहिले.